बिचाऱ्या 'बे'वर एवढा राग काहून?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं की नागपूरच्या पोट्ट्यांच्या तोंडातून 'बे' हा शब्द हद्दपार झाला पाहिजे, पुण्या-मुंबईचे लोक ऐकून हसतात, शहराची इज्जत जाते वगैरे वगैरे, आणि वरून कौतुकानं हेही सांगितलं की आपल्याकडच्या एका शाळेत 'बे' म्हटलं की पोरांकडून दंड वसूल करतात. ते वाचून होत नाही तर आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं बरोबर उलट्या टोकाचं फॉरवर्ड टाकलं, की 'बे' हा शब्द तुर्कस्तानापासून जपानपर्यंत सापडतो, म्हणजे जगातल्या सगळ्या भाषा आपल्याच भाषेतून निघाल्या, अभिमान असेल तर दहा जणांना पाठवा. आता एक म्हणतो घाण आहे, दुसरा म्हणतो जगाची माय आहे, आणि दोघांनीही त्या एका अक्षराच्या जिवाकडे नीट पाहिलं नाही. मी काही भाषेचा प्रोफेसर नाही, महालात गणिताच्या शिकवण्या घेतो, पण पाढे शिकवणाऱ्याला 'बे'बद्दल बोलायचा थोडा हक्क असावा म्हणून हे लिहून रायलो.

आधी आपल्या घरचं पाहू. नागपुरात हाक मारायच्या पायऱ्या आहेत आणि त्या कुणी शिकवत नाही तरी सगळ्यांना पाठ असतात. मोठ्या माणसाला 'काय जी', ओळखीच्या बाईला 'काय वो', खेड्याकडून आलेल्या काकाला 'काय गा', आणि ज्याच्यासोबत शाळेत एका बाकावर बसलो त्याला 'काय बे'. ही शेवटची पायरी फक्त दोस्तासाठी. दुकानदाराला, मास्तरला, सासऱ्याला कुणी 'बे' म्हणत नाही, आणि म्हटलंच तर तिथेच राडा होतो, त्यासाठी शाळेची वाट पाहावी लागत नाही. आणि आता तर कॉलेजच्या पोरीही एकमेकींना 'कुठे आहेस बे' असं बिनधास्त म्हणतात, बर्डीच्या बाजारात उभं राहून पाच मिनिटं ऐका. वर सुराचा भाग वेगळाच, 'काय बे' खालच्या सुरात लांबवून म्हटलं तर खांद्यावर हात येतो आणि वरच्या सुरात तोडून म्हटलं तर कॉलरवर येतो. त्या 'गा'चीही एक गंमत सांगून टाकतो, हा आपला वऱ्हाडी-नागपुरी 'गा' लोकांना गावंढळ वाटतो, पण १२९० च्या ज्ञानेश्वरीत 'अगा' म्हणून अर्जुनाला हाक आहे, महानुभावांच्या जुन्या गद्यातही हा 'गा' जागोजागी सापडतो. पुण्याकडे 'अगं' फक्त बाईला उरलं आणि आपल्याकडे 'गा' बाप्यांसाठी टिकला, यात गावंढळ कोण ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आता 'बे'कडे येऊ. इतवारीत मस्कासाथकडे जुन्या किराणा मालाच्या दुकानांची ओळ आहे, तिथे गुजराती व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मागे दिवाळीच्या आधी मी तिथे उभा होतो, टेम्पोतून माल उतरत होता. शेठ पाटीवर बोट ठेवून मोजत होते, 'एक, बे, त्रण, चार', खाली उभा असलेला हमाल वरच्याला ओरडत होता 'अबे सरळ धर बे, फुटंल खोकं', आणि खोक्यावर लिहिलं होतं बेदाणे. म्हणजे एकाच टेम्पोभोवती तीन 'बे', आणि तिघांचं एकमेकांशी काडीचं नातं नाही. शेठचा 'बे' म्हणजे दोन, हमालाचा 'बे' म्हणजे दोस्तीची (किंवा त्या क्षणी वैतागाची) हाक, आणि बेदाण्यातला 'बे' म्हणजे 'बिना'. दाणा म्हणजे बी, बी नसलेला तो बेदाणा. दंड लावायचा झाला तर मास्तरनं नेमका कोणत्या 'बे'ला लावायचा?

पहिला 'बे', म्हणजे दोनवाला, हा आपल्या घरचाच आहे. आपण मोजताना 'एक, दोन, तीन' म्हणतो पण पाढा आला की सगळा महाराष्ट्र 'बे एके बे, बे दुणे चार' म्हणतो, दोनाचा पाढा 'दोन एके दोन' असा कुणी म्हणून पाहावा, जीभच अडखळते. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी विचारतो की हा 'बे' आला कुठून, तर एकानं सांगितलं सर इंग्लिशच्या बी वरून आला असेल. असं नाही ते. संस्कृतात 'द्वे' होतं, प्राकृतात त्याची भरपूर रूपं झाली, दुवे, दोण्णि, बे, वेण्णि, जशी बोलणाऱ्याची जीभ वळली तशी. मराठीनं मोजायला 'दोण्णि' उचललं म्हणून आपलं 'दोन' झालं, गुजरातीनं 'बे' उचललं, आणि आपण तो 'बे' टाकून दिला नाही, पाढ्यात ठेवला. जरीपटक्यात सिंधी घरात विचारा, ते 'हिकु, ब, टे, चार' असं मोजतात, तो 'ब' त्याच घरातला. आणि आपल्या मोठ्या आकड्यांत तर तो लपून बसलाच आहे, बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव, या सगळ्यांच्या तोंडाशी तोच दोन बसलेला आहे, कुठे बा होऊन, कुठे बे होऊन, कुठे ब्या होऊन. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'बेचाळीस'सोबत 'चाळीस दोन' असं वाचायला सांगितलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. पोरांना सोपं जातं हे मला शिकवणीत दिसतंच, उगाच नाही कशाला म्हणू, पण बेचाळीसमधला तो 'बे' गेला की सातशे-हजार वर्षांचा एक भाडेकरू घर सोडून गेल्यासारखं मला तरी वाटलं.

दुसरा 'बे', म्हणजे बेदाण्यातला 'बिना'वाला, हा पाहुणा, फारसीतून आला आणि इतका रुळला की आता रेशनकार्डावर नाव आहे. बेकार, बेवारस, बेइमान, बेजार हे तर सगळे तिकडूनच आले, पण मराठी माणसानं तो प्रत्यय उचलून आपल्या शब्दांनाही लावला, भान नसलेला बेभान, चव नसलेलं ते बेचव. भान संस्कृतातलं, बे फारसीतला, आणि जोडणी करणारा मराठी, कुठे शिवण दिसत नाही. आपल्या विदर्भात नाल्याच्या काठी, तळ्याच्या काठी जांभळट फुलांचं एक झाड माजतं, कापलं तरी उगवतं, गुरं तोंड लावत नाहीत, त्याला आपण 'बेशरम' म्हणतो, नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे.

हे जरा जास्त सांगतो कारण इथे मजा आहे. फारसीच्या आधीची जी मधल्या काळातली इराणी भाषा होती, पहलवी म्हणतात ती, तिच्यात हा 'बे' असा नव्हता, 'अबे' असा होता. हो, चक्क अबे. अबे-बीम म्हणजे निर्भय, अबे-गुमान म्हणजे निःशंक. गुमान म्हणजे शंका. यातला 'अ' पुढे झिजून गेला, बेगुमान उरलं, ते आपल्याकडे आलं आणि आपण त्याचा अर्थ 'कशाची पर्वा न करता' असा करून घेतला, ट्रॅफिकचे नियम बेगुमान मोडतात असं तुमच्याच पेपरात दर दोन दिवसांनी छापून येतं. म्हणजे 'अबे' ऐकून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांनी हे लक्षात घ्यावं की पंधराशे वर्षांपूर्वी इराणच्या दरबारात राजासमोर कुणी 'अबे...' म्हणून सुरुवात केली असती तर राजा रागावला नसता, पुढे काय 'नाही' म्हणतो ते ऐकायला थांबला असता.

आणि गंमत म्हणजे आजच्या इराणात हा 'बे' राहिलाच नाही, तिथे त्याचा 'बी' झाला. त्यांचा लांब 'ए' कालांतराने 'ई'त मिसळला, आपल्याकडे आणि अफगाणिस्तानात जुना उच्चार टिकला. त्यामुळे जंगलातला शेर तिकडे 'शीर' झाला, आणि दूध म्हणजे 'शीर' तर आधीपासून होतंच, वरून नळाच्या तोटीलाही 'शीर' म्हणतात. आजच्या तेहरानमध्ये 'बे' म्हटलं तर त्याचा अर्थ बिना नाही, 'ला' असा होतो, 'बे तेहरान' म्हणजे तेहरानला. हाही 'बे' आपल्याकडे एका ठिकाणी चोरून आला आहे बरं का, 'हुबेहूब' म्हणतो ना आपण, फारसीतलं 'हू-ब-हू', त्याच्या मधोमध बसलेला तो हाच. म्हणजे बेदाण्यातला बे वेगळा आणि हुबेहूबमधला बे वेगळा, दोघंही इराणचेच पण घरं वेगळी.

मोमिनपुऱ्यात उर्दू शिकणारं पोरगं पहिल्या दिवशी काय म्हणतं? अलिफ, बे, पे. तिथे 'बे' हे दुसरं अक्षर. आणि अक्षरांना आकडे द्यायची जी जुनी अबजद पद्धत आहे तिच्यात अलिफचा १ आणि बे चा २. म्हणजे मोमिनपुऱ्याचा बे दोन, तिथून चालत जाण्याइतक्या जवळच्या इतवारीतला शेठचा बे दोन, आणि माझ्या शिकवणीतला बे दोन. यातले शेवटचे दोन रक्ताचे भाऊ आणि पहिला निव्वळ योगायोग, त्याचं मूळ पश्चिम आशियातल्या जुन्या लिपीत, जिथे या अक्षराचं नाव 'बेत' होतं आणि अर्थ होता घर. ग्रीकांनी तेच अक्षर उचललं, त्याचं बीटा झालं. आता कुणी फॉरवर्डवाला म्हणेल बघा दोन म्हणजे बे सगळीकडे, एकच मूळ, तर भाऊ नाही, एकीकडे दोनाचा शब्द झिजून बे झाला आणि दुसरीकडे अक्षराचा नंबर दुसरा आला एवढंच. हे वेगळं काढून दाखवता येतं म्हणूनच तर अभ्यास म्हणायचं, नाहीतर मग नुसता अभिमान.

फॉरवर्डात तुर्कस्तानाचं जे लिहिलं होतं ते मात्र खोटं नाही, आणि मलाच ते आधी माहीत होतं म्हणून जास्त राग आला. तुर्कीत 'बे' आहे आणि अगदी आपल्यासारखा आहे, वाक्याच्या शेवटी, जवळच्या माणसाला, थोडा उर्मट थोडा लाडाचा. 'ने वार बे?' म्हणजे 'काय आहे बे?', 'यापमा बे' म्हणजे 'नको करू बे'. बल्गेरियातही तोच, 'कक्वो बे?' म्हणजे 'काय बे?', 'स्तिगा बे' म्हणजे 'पुरे बे', आणि 'आयदे बे' म्हणजे शब्दशः 'चाल बे', पण दोस्तानं फेकाफेकी केली की 'चाल बे, काहीही सांगतो' असं आपण म्हणतो ना, तिथेही नेमकं तेव्हाच म्हणतात. वरून बल्गेरियात 'बे' पुरुषाला आणि बाईला 'मा', जसं आपल्याकडे रे आणि गं. आणि तिथेही अनोळखी माणसाला 'बे' म्हटलं तर तो रागावतो. बल्गेरियावर १८७८ पर्यंत जवळजवळ पाचशे वर्षं ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं, त्यामुळे त्या दोघांचे शब्द एकमेकांत मिसळले याचं नवल नाही. पण म्हणून त्यांची राजधानी सोफिया आणि आपल्या नागपूरचा सक्करदरा भाऊ-भाऊ होत नाहीत.

कारण पुढे जाल तसा 'बे' अर्थ बदलत जातो. पूर्व जपानच्या बोलीत वाक्याच्या शेवटी 'बे' येतो, 'इकु बे' म्हणजे 'चला जाऊ', तो त्यांच्या जुन्या क्रियापदाच्या शेपटातून झिजून आलेला. वेल्सच्या भाषेत बोलताना नुसतं 'बे?' म्हटलं तर अर्थ होतो 'काय?', म्हणजे आपण दोन शब्दांत 'काय बे' म्हणतो ते तिथे एकात भागलं. स्वीडनमध्ये 'बे' म्हणजे विनवणी करणं, प्रार्थना करणं, तिथल्या चर्चमध्ये चालणारा शब्द. हिब्रूत 'बे' म्हणजे 'मध्ये'. आपल्या धंतोलीतल्या बंगाली आजीबाईंना विचारा, जुन्या बोलीत 'बे' म्हणजे लग्न, 'बे-था' म्हणतात त्या. पंजाबी घरात 'बेबे' म्हणजे आई. आणि तेलुगू शेजारणीला 'तब्येत बरी नाही का' विचारलं की ती 'अब्बे, एम लेदु' म्हणते, म्हणजे 'छे छे, काही नाही', ती तुम्हाला अबे म्हणत नाही, गैरसमज करून घेऊ नका.

सगळ्यात भारी व्हिएतनाम. तिथे एकच 'बे' सहा सुरांत म्हणतात आणि सहा अर्थ होतात, सपाट सुरात दारूची छोटी सुरई, उतरत्या सुरात तराफा, चढत्या सुरात लहान किंवा लहान मूल, मग एका सुरात मोडणं, एका सुरात ओशाळणं, आणि एका तुटक सुरात केळीच्या पानाचा सोपटा. शाळेत नवीन आलेली पोरं हे सहाच्या सहा एका ओळीत घोकतात, जशी आपली 'बे एके बे' घोकतात. त्या देशात 'बे' म्हटल्याबद्दल दंड लावला तर सरकारची तिजोरी आठवड्यात भरेल.

हे असं का होतं यात काही जादू नाही. जगात ७००० च्या आसपास भाषा आहेत आणि माणसाचं तोंड एकच. ओठ मिटून उघडले की 'ब' येतो, तान्ह्या बाळालाही येतो, त्याला पुढे ए लावला की झालं. एका अक्षराचे असे तुकडे किती होणार, मोजकेच, आणि प्रत्येक भाषेला ते हवेच असतात कारण रोजच्या वापराचे शब्द छोटेच लागतात. मग वेगवेगळ्या देशांत तोच तुकडा वेगवेगळ्या कामाला लागणारच, आणि कधी कधी दोघांकडे नेमक्या एकाच कामाला लागणार, तेही आलंच. लांब शब्द जुळले तर नात्याचा संशय घ्यावा, एक अक्षर जुळलं म्हणून वंशावळ काढू नये.

आणि हे मी इंग्रजी पुस्तकातून आणलेलं ज्ञान नाही, आपल्याच पतंजलीनं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात महाभाष्य या व्याकरणाच्या ग्रंथात लिहून ठेवलंय, आणि त्याच्याही आधी शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्कानं. ते म्हणतात 'शवति' हा शब्द कंबोज देशात 'जातो' या अर्थानं बोलतात आणि आर्यांकडे त्याच धातूचा 'शव' म्हणजे प्रेत. कंबोज म्हणजे वायव्येकडचे, इराणी बोलीच्या वाऱ्यातले लोक. म्हणजे तिकडे 'चाललो' म्हणायचं आणि इकडच्यानं ऐकून तिरडी बांधायला घ्यायची. बघा, त्या काळात कंबोजांवर दंड लावायची सूचना कुणी केली नाही, शांतपणे नोंद केली की तिकडे असं बोलतात, इकडे असं.

आता त्या सद्गृहस्थांना आणि त्या शाळेला एवढंच विचारतो. पोरगं सरांना 'बे' म्हणालं तर त्याला रागवा, जरूर रागवा, मीही रागावतो. पण मधल्या सुट्टीत ते आपल्या दोस्ताला 'डबा दे बे' म्हणत असेल तर तुमचं काय बिघडलं? आणि त्याला 'बे' ऐवजी काय म्हणायला लावणार, 'ड्यूड' आणि 'ब्रो'? ते तर त्याच शाळेच्या व्हरांड्यात दिवसभर चालू असतं आणि त्याला कुणी दंड लावल्याचं मी ऐकलं नाही. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा नाचलो आपण, आणि त्याच मराठीतल्या आपल्या गावच्या हाकेची लाज वाटते, हे मला काही केल्या जुळत नाही. त्यापेक्षा सातवी-आठवीच्या पोरांना एक तास द्या, वर्गात गुजराती, सिंधी, तेलुगू, बंगाली, उर्दूवाली पोरं असतातच आपल्याकडे, प्रत्येकाला घरून विचारून यायला सांगा की तुमच्याकडे 'बे' म्हणजे काय, 'मा' म्हणजे काय, 'का' म्हणजे काय. फळा पुरणार नाही.

आणखी एक विनंती खास तुमच्या डेस्कला, संपादक साहेब. त्या मागच्या पत्रात तुम्ही हा शब्द छापताना 'ब' च्या पुढे फुली मारली होती. माझ्या पत्रात कृपा करून तसं करू नका, कारण मी यात बेदाणे, बेचाळीस आणि बंगाल्यांचं लग्न सगळंच लिहिलंय, फुल्या मारत बसाल तर वाचणाऱ्याला वाटेल या म्हाताऱ्यानं पानभर शिव्याच लिहून पाठवल्या. जागा कमी पडली तर जपान आणि स्वीडन कापा, इतवारीचं ठेवा.

आपला,
गणिताच्या शिकवण्या घेणारा एक वाचक,
महाल, नागपूर